कपाटाचा कोपरा

हेल्वीने डोक्यावर पाण्याचं भांडं उपडं केलं, भिजलेले पांढरे केस मागे सारले, आणि शेजारच्या फळीवर बसलेली राउहा बोलता बोलता थांबली. हेल्वीच्या कपाळाच्या डाव्या बाजूला, केसांच्या मुळाशी, सुपारीएवढं टेंगूळ होतं.

"हे अजून आहे?" राउहाने विचारलं. "तीन आठवडे झाले की."

"कपाटाचं दार लागलं होतं."

वाफेत बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी उगाचच तापल्या दगडांवर पाणी टाकलं.

दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ सोसायटीचा सॉना, म्हणजे वाफ घ्यायची सामाईक खोली, बायकांचा असे, आणि लाहती शहरातल्या त्या वसाहतीत तिथे कुणाचं काही लपून राहत नसे. ऑपरेशनचे व्रण, सुजलेले गुडघे, सुनांची गाऱ्हाणी, सगळं त्या फळ्यांवर उघडं पडायचं. पण 'कपाटाचं दार लागलं' हे वाक्य तिथे सगळ्यांच्या ओळखीचं होतं. कुणी ते बहिणीच्या तोंडून ऐकलं होतं, कुणी शेजारणीच्या. राउहाने तर पहिल्या नवऱ्याच्या वेळी ते स्वतः चार वर्षं म्हटलं होतं. त्यामुळे हेल्वीवर कुणाचाच विश्वास बसला नाही.

आणि गंमत अशी, की हेल्वी अक्षरशः खरं बोलत होती.

तिकडे घरोघरी सिंकच्या वर भांडी निथळायचं कपाट असतं. धुतलेल्या ताटल्या आत उभ्या करायच्या आणि दार लावून टाकायचं, एवढंच. हेल्वीचा नवरा ताइस्तो दार लावत नसे. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, ताटली घ्यायची आणि दार तसंच सोडून चालू पडायचं. पहिल्या वर्षी हेल्वीने हसून सांगितलं, पुढे चिडून सांगितलं, मग सांगणंच सोडलं. मार्चमधल्या त्या सकाळी खाली पडलेला चमचा उचलून ती सरळ झाली आणि दाराचा कोपरा कपाळात बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती तिथेच फरशीवर बसली.

ताइस्तो आला. त्याने दार हलवून पाहिलं.

"बिजागरी वाकली," तो म्हणाला, आणि तिच्या पायांना वळसा घालून कॉफी घेऊन गेला.

टेंगळाचं हेल्वीला विशेष वाटलं नव्हतं. ती त्याच्याकडून एका प्रश्नाची वाट बघत होती. त्या दिवशी बघितली. सूज डोळ्यावर उतरून डोळा काळानिळा झाला, तेव्हा बघितली. निळ्याचं पिवळं होईपर्यंत बघितली. आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, आत साकळलेलं रक्त घट्ट झालंय, उतरायला महिने लागतील, दाबत बसू नका. दुखतं का, हेही तिने विचारलं. मग दार लोटून घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असंही विचारलं. हेल्वीने हे सगळं जेवताना ताइस्तोला सांगितलं. तो म्हणाला, बटाटे अळणी झालेत.

ताइस्तो सोळा वर्षं सोसायटीचा अध्यक्ष होता. सायकली कुठे लावू नयेत याच्या सूचना तोच लिहायचा आणि प्रत्येक सूचनेखाली दोन रेघा मारायचा. तशी त्या जिन्यात माणसं बोलतात ती मान हलवण्यापुरतीच. पण न हलवलेली मान ज्याची त्याला बरोबर कळते. एप्रिलभर ताइस्तोला कळत गेली. शेवटी समितीच्या बैठकीत राउहाने सुचवलं, की मे महिन्यातल्या अंगणसफाईला सॉसेज भाजायचं काम या वर्षी दुसऱ्या कुणाला द्यावं. तो लालबुंद होऊन घरी आला आणि पहिल्यांदाच त्याने बायकोच्या कपाळाकडे नीट बघितलं.

"हे उतरत का नाही अजून? लोकांना वाटतंय मी तुला मारलं."

"मी सांगितलंय त्यांना."

"नीट सांग. शनिवारी अंगणसफाईला, सगळ्यांसमोर."

"सांगेन," हेल्वी म्हणाली, आणि ती सांगणार होती. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, आणि खोटं तिला आवडत नसे.

जेवणानंतर ताइस्तोने ताटली कपाटात ठेवली आणि दार लावलं. हेल्वीला असा काही संताप आला, की तिने सिंकची कड घट्ट धरली. एकेचाळीस वर्षांत जे तिच्या सांगण्याने झालं नाही, ते शेजाऱ्यांच्या भीतीने एका दिवसात झालं होतं.

शनिवारी ऊन होतं. हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी झाडून झाली, पानांचे ढीग लागले. हट्टाने शेगडी ताइस्तोनेच पेटवली होती. सॉसेज काळी पडत चालली होती आणि लोक लांबच्या टेबलाशी पावाबरोबर नुसती कॉफी पीत होते. हेल्वी कागदी बशी घेऊन शेगडीपाशी गेली, एक सॉसेज घेतलं आणि वळली.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "ताइस्तोने मला मारलेलं नाही. कधीच नाही. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, त्याचा कोपरा लागला."

इतकं सरळ कुणी त्या अंगणात बोलत नसे. लोकांचे चेहरे सैलावले. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने मान हलवली. राउहानेही बशी उचलली आणि ती शेगडीकडे चार पावलं आली. ताइस्तो तेव्हा गप्प राहता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण खाली रेघा मारल्याशिवाय त्याला चैन पडेना. त्याने चिमटा ठेवला आणि तो हेल्वीजवळ आला.

"हे बघा ना, कोपऱ्याचाच आकार आहे," म्हणत तिचे केस बाजूला करायला त्याने हात वर केला.

हेल्वी खाली वाकली. मान खांद्यांत गेली, कोपर चेहऱ्याआड आलं, बशी हातातून पडली. कितीतरी वर्षांत तो हात तिच्या डोक्याकडे आला नव्हता.

राउहाने बशी टेबलावर परत ठेवली आणि ती येऊन दोघांच्या मधे उभी राहिली. मग कुणीतरी पुन्हा खडी झाडायला लागलं.

दोघं जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आली. ताइस्तोच्या हातातली किल्ली कुलपात जाईना. त्याने दोनदा प्रयत्न केला, मग तिच्याकडे वळला.

"दुखलं का?" त्याने विचारलं.

हेल्वीने त्याच्या हातातून किल्ली घेतली.

"नाही," ती म्हणाली. "दोन आठवडे झाले दुखायचं थांबून."

तिने दार उघडलं आणि त्याला आधी आत जाऊ दिलं.