चौथ्या पंखाचं वजन

मित्रांनो, मी सोलापूरच्या भवानी पेठेतला एक जुना तराजू. १९७९ सालच्या त्या शेवटच्या साध्या दिवशीही गुरप्पांनी मला पुसलं, पारड्याला बांधलेला पासंग चाचपला आणि लेकीला हाक मारली, "सिद्धम्मा, च्या टाक की." दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

पासंग म्हणजे एक खडा. माझं मालाचं पारडं मुळातच जरा जड. म्हणून वजनाच्या पारड्याला चिंधीत गोल खडा बांधलेला असे. गुरप्पांकडे येण्याआधी मी सूत तोलत असे. गुरप्पा मागाचे लाकडी धोटे करत, म्हणजे ताण्यातून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारे.

गुरप्पा जाण्याच्या पाच वर्षं आधी संरक्षण खात्याचे एक साहेब आले आणि माझं नशीब उघडलं! लहान हेलिकॉप्टरमधून शत्रूच्या जहाजावर सोडायचं हलकं क्षेपणास्त्र तयार होत होतं. त्याचा लाकडी नमुना आधी हेलिकॉप्टरखाली टांगून बघायचा होता. त्याचे चार पंख गुरप्पांनी करायचे.

"प्रत्येकी आठशे ग्रॅम," साहेब म्हणाले. "एक जरी हलका झाला, तर नमुना हवेत कलंडेल. जमेल?"

"धोटा बी उडतोच की, सायेब!"

काय ते दिवस! रंध्याखालून ढलप्या उडत होत्या. पारडी समोरासमोर थांबली की गुरप्पा टाळी वाजवत. जन्मभर सूत तोललेला मी आता आकाशात जाणारी वस्तू तोलत होतो! तीन पंख जमले.

त्याच दिवशी नऊ वर्षांच्या सिद्धम्माला सागरगोटे खेळायला पाचवा खडा हवा होता. तिनं माझी चिंधी सोडली. चौथा पंख जड भरू लागला. गुरप्पा तासत राहिले. मला ओरडता येत नव्हतं.

संध्याकाळी साहेबांनी तो पंख आपल्या काट्यावर ठेवला. "तीस ग्रॅम कमी आहे, गुरप्पा. उद्या दुपारी माझी गाडी आहे."

गुरप्पांनी माझ्या मोकळ्या पारड्याकडे पाहिलं, मग दारातल्या लेकीच्या मिटल्या मुठीकडे.

"हात चुकला माजा, सायेब. गाडीच्या आत देतो."

त्यांनी दुसरा खडा शोधून बांधला आणि पहाटेच रंधा हातात घेतला. बारा वाजता नवा पंख माझ्यावर चढला, पारडी थांबली, टाळी वाजली! महिन्यानं साहेबांचं कार्ड आलं: नमुना सरळ उडाला. गुरप्पांनी ते पेठभर वाचून दाखवलं.

गुरप्पा गेले आणि माझ्यावर धूळ साचली. मित्रांनो, कुणाचा पासंग सोडून नेला असेल, तर तो वेळेवर परत करा.

काल सिद्धम्मानं मला खुंटीवरून काढून पुसलं. मुठीतला जुना खडा पारड्यात ठेवला आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली,

"आप्पा, खडा मी घेतला होता. तुमचा हात चुकलाच न्हवता."