तिच्या वाटचा रस

बिटाचा तो रस पहिल्यांदा प्यायल्यावर शिंप्याच्या बायकोने असं काही तोंड केलं, की समोरची सिस्टर हातातलं काम ठेवून हसत सुटली. "ओली माती गाळून दिलीय," बायको म्हणाली, आणि उरलेली बाटली एका दमात रिकामी केली. हाती घेतलेलं अर्धं सोडायचं नाही, हा तिचा खाक्या. शिंपी मात्र घोट घोट पीत राहिला. चव कशी आहे हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याने आधी बायकोकडे पाहिलं असतं.

या अभ्यासात नाव घालायची कल्पनाही तिचीच होती. संशोधन केंद्राच्या फाटकावर कागद लावला होता, साठीच्या पुढची निरोगी माणसं हवीत म्हणून. "अहो, आपल्याला आजवर कुणी कशासाठी निवडलंय? बघू तरी," ती म्हणाली. रक्त काढतात म्हणे, असं तो चाचरत म्हणाला, तर ती म्हणाली, गिऱ्हाइकं काढतात त्याहून कमीच काढतील.

दोघांचं वजन झालं, रक्तदाब झाला, तपासण्या झाल्या, आणि दोघंही निरोगी ठरली. पुढचे कित्येक दिवस हे तिने दुकानात येईल त्याला ऐकवलं. विजार कधी मिळणार म्हणून भांडायला आलेला माणूससुद्धा ते ऐकूनच परत गेला.

अभ्यास करणारी डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीसारखी. चष्मा डोक्यावर सरकवून मग टेबलभर तो शोधणारी. तिने सांगितलं, बिटात नायट्रेट असतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं रूप पालटतात, आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, हे कळलेलं आहे. पण चांगल्या धडधाकट माणसाने ते रोज वरून घेतलं, तर शरीर अमिनो आम्लं कशी वापरतं यात काही फरक पडतो का, हे तिला बघायचं होतं. आता ही अमिनो आम्लं कोण, असं बायकोने विचारलं. डॉक्टरने शिंप्याच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. दुकानातून निघताना तो काढायचा राहून गेला होता. "जुना कोट उसवून तुम्ही त्याच्या तुकड्यांतून लहान मुलाचं जाकीट शिवता ना काका, तसंच. आपण खातो त्यातली प्रथिनं शरीर उसवतं, आणि त्याच तुकड्यांतून स्वतःचं शिवतं. ते तुकडे म्हणजे अमिनो आम्लं. रक्तात कुठले तुकडे किती आहेत, ते मी मोजणार."

शिंप्याला हे एकदम पटलं. इतकी वर्षं तो करत होता ते काम त्याच्या पोटातही चाललंय, याची त्याला गंमत वाटली.

नियम थोडेच होते. रोज एक बाटली, ठरलेलं साधं जेवण, आणि चूळ भरायच्या औषधाला बंदी, कारण त्याने जिभेवरचे ते जिवाणू मरतात. "ऐकलंत? तुमच्या त्या निळ्या बाटलीला सुट्टी. आता लांब बसून बोला," बायको म्हणाली.

अभ्यासाचे दोन भाग होते. एका भागात खरा रस, दुसऱ्यात नायट्रेट काढून घेतलेला. रंग तोच, चव तीच. कुणाला कुठला आधी, हे डॉक्टरलाही माहीत नव्हतं. मध्ये काही आठवडे मोकळे, म्हणजे पहिल्या भागातलं शरीर विसरून जावं. आणि शेवटी प्रत्येकाच्या पहिल्या भागाची तुलना त्याच्याच दुसऱ्या भागाशी व्हायची.

सकाळी दुकान उघडण्याआधी दोघं कटिंगच्या टेबलाशी समोरासमोर बसून बाटल्या पीत. ती बाटलीवर बाटली टेकवायची, लाल झालेले दात दाखवायची, आणि रोज एकच वाद घालायची. खरा रस तुम्हालाच दिलाय, बघा कसं तेज आलंय तोंडावर. तो म्हणायचा, तेज नाही, तुझ्या बोलण्याने लाल झालोय.

पहिला भाग संपला तेव्हा केंद्रात दुरुस्तीचं काम निघणार होतं, म्हणून दुसऱ्या भागाच्या बाटल्या आधीच देऊन ठेवल्या. दोन खोकी, दोघांचे लागोपाठचे क्रमांक चिकटवलेली. शिंप्याने ती फ्रीजमध्ये एकावर एक रचली.

त्या मधल्या मोकळ्या आठवड्यांत ती गेली. भर दुपारी कोटाला बटणं लावता लावता तिने टेबलावर डोकं टेकलं. डुलकी लागली असेल म्हणून शिंप्याने मशीन थांबवलं. आवाजाने जाग यायला नको. मग बऱ्याच वेळाने त्याने तिला हाक मारली.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. केंद्राने रीतसर चौकशी केली. रसाचा काही संबंध नव्हता, आणि शिंप्यालाही तसं कधी वाटलं नाही. ते सांगायला डॉक्टर स्वतः दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून चष्मा हातात फिरवत राहिली. तुम्ही आता सोडलंत तरी चालेल काका, कुणी काही म्हणणार नाही, असं म्हणाली. शिंप्याने नकारार्थी मान हलवली. तो पुरं करणार होता.

"आणि तिचं?" त्याने विचारलं.

डॉक्टरला आधी कळलं नाही. मग कळलं. "काकूंचा पहिलाच भाग झालाय. अर्धा धरता येत नाही, काका. त्यांची तुलना त्यांच्याशीच करायची होती."

"म्हणजे एका बाहीचा सदरा."

डॉक्टरने चष्मा डोक्यावर सरकवला. उठताना तिची नजर पडद्याआडच्या फ्रीजवर गेली. बायकोच्या नावचं खोकं तिला परत न्यायचं होतं, हे शिंप्याच्या ध्यानात आलं. पण ते मागायला तिची जीभ रेटली नाही, हेही त्याने पाहिलं. आणि तो गप्प राहिला.

दुसरा भाग सुरू झाला त्या सकाळी त्याने काही ठरवलं नव्हतं. हाताच्या सवयीने दोन्ही खोकी उघडली गेली आणि टेबलावर दोन बाटल्या आल्या. स्वतःची त्याने घोट घोट संपवली. तिची समोर तशीच उभी. ती मोरीत ओतायला हात धजेना. परत ठेवावी तर तिचा दिवस चुकणार. शेवटी त्याने ती तोंडाला लावली आणि एका दमात संपवली, तिच्यासारखी.

मग रोज तसंच झालं. त्याची घोटाघोटाने, तिची एका दमात. टेबलाशी बसून तो स्वतःलाच समजावायचा. आयुष्यभर दोघं एकाच ताटातलं जेवलो, एकाच माठातलं पाणी प्यालो, एकाच मशीनच्या तेलाचा वास घेतला. रक्तात असा फरक तो किती असणार? हे खुळ्यासारखं आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण सकाळी त्या टेबलाशी बसल्यावर कळणं मागे राहायचं आणि बाटली पुढे यायची. नाहीतर डॉक्टरच्या त्या कागदांतून तिचा क्रमांक जाणार. इतका मिरवलेला निरोगीपणा, तोही जाणार. तेवढं त्याला होऊ द्यायचं नव्हतं.

रस सोडला तर बाकीच्या खाण्यावरून त्याचं मन उडालं. भात टाकायचा आणि उभ्याउभ्या दोन घास खाऊन झाकून ठेवायचा. विजार कमरेत सैल झाली तशी त्याने ती आत घेतली. पुन्हा सैल झाली, पुन्हा घेतली. स्वतःच्या मापाचं काम इतक्या वेळा त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

शेवटच्या तपासणीला तो उपाशी पोटी केंद्रात गेला. काट्यावर उभा राहिला तेव्हा सिस्टरने आकडा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि काट्याला हलकेच चापट मारून पुन्हा उभं राहायला सांगितलं. काटा बरोबर होता. तिने रक्त घेतलं, नळ्यांवर त्याचा क्रमांक लावला. शिंप्याने कापूस दाबून धरला, मग दुसऱ्या हाताची बाही वर सारली आणि तो हात टेबलावर ठेवला.

"आता हिचं घ्या," तो म्हणाला.

सिस्टरला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ येतेय. तिने पाणी पुढे केलं. त्याने ते बाजूला सारलं आणि शांतपणे समजावून सांगितलं, की बाटल्या सगळ्या झाल्या आहेत, तिच्याही, आता नळीवर तेवढा तिचा क्रमांक घाला. सिस्टर जागची उठली आणि डॉक्टरला घेऊन आली.

डॉक्टर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "काका, दोन्ही? रोज?"

"एकही चुकवली नाही." हे तो असं म्हणाला, जसं एखाद्याला काम वेळेवर शिवून दिल्याचं सांगावं.

 डॉक्टरने काही लपवलं नाही. काकूंचं रक्त त्यांचंच, दुसऱ्या कुणाचं तिथे चालणार नाही. पण आता शिंप्याचंही चालणार नव्हतं. दोन खोक्यांपैकी कशात नायट्रेट होतं कोण जाणे, त्याने दोन्ही रस एकत्र केले होते. शिवाय तो जेवत नव्हता. "माणूस जेवेनासा झाला की शरीराला तुकडे बाहेरून मिळत नाहीत. मग ते आपलंच अंग उसवायला लागतं, दंड, मांड्या. ते तुकडे रक्तात येतात. रसाने काय झालं आणि त्याने काय, हे मला आता वेगळं करता येणार नाही."

"म्हणजे माझंही गेलं."

"हो."

"दोघांचंही."

तिने मान हलवली. माणसं आधीच कमी पडत होती, कुणी चव सहन न होऊन सोडून गेलं होतं, कुणी गाव सोडून. हे ती बोलली नाही, पण शिंप्याला तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. खडूची रेघ सोडून कात्री चालली, की कापड हातात धरून माणूस जसा उभा राहतो, तशी ती बसली होती.  बायकोला आत घ्यायला तो निघाला होता, आणि स्वतःही बाहेर पडला होता.

"चूक माझीपण आहे," डॉक्टर म्हणाली. "ते खोकं मी त्या दिवशीच मागायला हवं होतं. माझ्याने मागवलं नाही."

"मला दिसलं होतं ते," शिंपी म्हणाला. "मीच दिलं नाही." त्याने बाही खाली केली, बटण लावायला गेला, ते लागेना. "तिला काही अर्धं राहिलेलं खपायचं नाही हो. घरी गेल्यावर काय तोंड दाखवू?"

घरी कुणी नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. सिस्टर उगाच कपाटातल्या नळ्या नीट लावू लागली.

मग त्याने एकच मागितलं. तिचं जे घेतलं होतं, ते कुठे ठेवलंय ते बघता येईल का? तसा नियम नसावा, पण डॉक्टर उठली. आतल्या खोलीत कपाटाएवढा फ्रीझर घुमत होता. तिने जाड हातमोजे घातले आणि दार उघडलं तशी पांढरी वाफ खाली ओघळली. तिने एक खोकं काढलं, त्यातून बोटाच्या पेराएवढी एक नळी उचलली, त्याच्याही हातात मोजा चढवला आणि तळव्यावर ती ठेवली.

शिंप्याला वाटलं होतं, लाल असेल. ते लाल नव्हतं. फिकट पिवळं होतं, कोटाच्या जुन्या अस्तरासारखं. लाल भाग वेगळा काढतात, मोजायचं ते यात असतं, असं डॉक्टरने हळू आवाजात सांगितलं. क्रमांकाभोवती बर्फाची भुकटी जमली होती. त्याने ती अंगठ्याने पुसली. क्रमांक तिचाच होता.

तो नळी नुसती धरून राहिला. थोड्या वेळाने नळीवरचं पांढरं विरघळून ओलं झालं, आणि तो एकदम दचकला.

"घ्या, घ्या. ऊब लागतेय. वितळेल ते."

आता ते वितळलं काय आणि न वितळलं काय, सारखंच होतं. या नळ्यांचं पुढे काय करायचं असतं हे डॉक्टरला माहीत होतं. पण तिने दोन्ही हातांनी नळी घेतली, खोक्यातली तिची जागा शोधून ती नीट बसवली, आणि दार लावण्याआधी म्हणाली, "तुमच्या नळ्या शेजारच्याच घरात आहेत, काका. क्रमांक लागून होते ना."

शिंपी बाहेरच्या बाकावर येऊन बसला. रक्त दिल्यावर इथे दूध आणि बिस्किटं देत. दोघं असायची तेव्हा खारी बिस्किटं ती काढून घ्यायची आणि गोड याच्या पुढ्यात सारायची. तुम्हाला गोडाचीच गरज आहे, म्हणायची. सिस्टरने आज बशीत दोन्ही ठेवली होती. तो बघत राहिला.

"खा, काका," सिस्टर म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

त्याने गोड बिस्किट उचललं. चावायला त्याला फार वेळ लागला. सिस्टर हलली नाही.