पुलाखालचा शेंदूर

कन्हानच्या पुलाच्या तिसऱ्या खांबावर नत्थूजीच्या बापानं छिन्नीनं एक खाच पाडली होती. खाच पाण्याबाहेर दिसली, तर डोलकाठी उभी ठेवून डोंगा पुलाखालून निघतो. बुडाली, तर काठी पाडायची. पण आपल्या माणसांना साधं काही पचतं कुठे? बाप गेल्यावर नत्थूजीनं खाचेला शेंदूर फासला आणि खाचेचा देव झाला.

दर पोळ्याला तो डोंग्यात उभा राहून नवा शेंदूर लावी. देवाला डोक्यापासून लावायचा, म्हणून दरवेळी जुन्या शेंदराच्या जरा वरून लावी. खालचा पुरात धुऊन जाई. त्याची बायको जिजाबाई एकदा म्हणालीही होती, "अजी, देव वरवर चालला वाटते." त्यानं तिलाच वेड्यात काढलं.

शेंदूर लावू लागल्यापासून सोळाव्या वर्षी मोठा पूर आला, तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची देवकी दोन दिवसांपासून अडली होती. रस्ता पाण्याखाली. दवाखाना कामठीला, पुलाच्या पलीकडे. नत्थूजीनं पोरीला डोंग्यात निजवलं, उशाशी जिजाबाई बसली, शीड फुगलं.

पूल दिसला तशी जिजाबाई म्हणाली, "अजी, काठी पाडा. पाणी लय चढून राहिलं."

"काठी पाडली तं शीड गेलं. शिडाबिगर डोंगा घाटाले लागत नाही, सीधा भंडाऱ्याकडे वाहते. अन् भेतं काहून वं? देव दिसून राहिला ना!"

शेंदूर खरंच चार बोटं पाण्यावर होता. देवापुढे ती बिचारी काय बोलणार? तिनं हात जोडले.

काठी पुलाच्या तुळईला अडली, कडाडली आणि बुडातून मोडली. जिजाबाई पोरीवर पालथी पडली, काठी तिच्या पाठीवर आली. डोंगा गरगरत कसाबसा घाटाला घासला. दवाखान्यात देवकी सुटली, मुलगी झाली. जिजाबाईला घाटावर उचलूनच उतरवावं लागलं. जीव केव्हाच गेला होता.

पाणी उतरल्यावर नत्थूजी छिन्नी घेऊन खांबाशी गेला. शेंदराच्या खाली शेवाळ खरवडत गेला, तर वीतभर खाली बापाची खाच निघाली. तिच्यावर शेंदराचा ठिपकाही नव्हता. मग तो वरचा शेंदूर खरवडू लागला.

"देवाले खरवडतं का गा?" काठावरून धोंडबा कोळी ओरडला.

"देव खालीच होता," नत्थूजी म्हणाला. "म्याच त्याले वर सरकवला. तिनं सांगितलं होतं मले."