वाचनालयाच्या दारातला चप्पल-स्टँड

मित्रांनो, मी एक जुना चप्पल-स्टँड आहे. हसलात ना? हसा खुशाल! पुस्तकांच्या कपाटाने आपली कहाणी सांगितली असती, तर तुम्ही मांडी घालून ऐकली असती. पण सुरबाया शहरातल्या आमच्या गल्लीत वाचनालयाची शाखा टिकली, ती त्या कपाटामुळे नव्हे. माझ्यामुळे टिकली.

मी अस्सल सागाचा आहे. गल्लीतल्या लोकांनी रविवारी-रविवारी जमून, घाम गाळून भाताच्या जुन्या कोठाराचं वाचनालय केलं. उरलेल्या फळ्यांतून तुकिरान सुताराने मला ठोकलं. मी जरा डावीकडे कललो, तर म्हणतो कसा, "चपलाच ठेवायच्यात, राजाला थोडंच बसवायचंय!" आणि गेला गरम टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, खायला. तो कल अजून तसाच आहे.

आमच्याकडे अनवाणीच आत जायचं. त्यामुळे कोण आलं ते सगळ्यांत आधी मला कळतं. सकाळी सरिमान आजोबांच्या टायरच्या चपला यायच्या, कारण कोरं वर्तमानपत्र पहिल्यांदा त्यांनाच हवं. मग नोकरीचे अर्ज भरायला येणाऱ्या मुली आणि शिवणाचे नमुने बघणाऱ्या बायका. वासिनेम आजी तर साठीनंतर इथेच अक्षरं शिकल्या. औषधाच्या बाटलीवरचं नाव पहिल्यांदा वाचता आलं, त्या दिवशी आनंदाच्या भरात नातीच्या चपला घालून घरी गेल्या! बुधवारी गोष्टींच्या तासाला माझ्यात मुंगी शिरायला जागा नसे. एवढं करून माझं कौतुक? छे! पोरं माझ्यावर चढायची, ओल्या छत्र्या टेकवायची. वीस वर्षं मी मुकाट सोसलं.

आणि एक दिवस ग्रंथपाल रुमियाती बाईंच्या, म्हणजे आमच्या बू रुमींच्या हातात मुख्य वाचनालयाचं पत्र आलं. ज्या शाखांना वाचक नाहीत, त्या बंद होणार होत्या. तपासणीला तिथले हर्लंबांग साहेब आले, ते नेमके बुधवारी. काळे चकचकीत बूट माझ्या वरच्या खणात ठेवून ते दाराशेजारच्या खोलीत वह्या चाळत बसले. त्या खोलीची खिडकी माझ्या डोक्यावरच होती.

"बाई, महिन्याभरात अकरा नावं? त्यातही चार वेळा पोस्टमन!"

"साहेब, लोक खूप येतात हो! सह्या करा म्हणून सांगून माझा घसा बसला."

"कागदावर नाही ते मी वर कसं दाखवू? शाखा बंद करावी लागेल."

बू रुमी वही मिटून गोष्टींच्या तासाला उठल्या.

तासाभराने साहेब बाहेर आले, तर वाचनालय लहानथोरांनी खचाखच भरलेलं. ते उखडले. "वा! माझ्यासाठी गर्दी गोळा केलीत वाटतं?"

वासिनेम आजी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमच्यासाठी? तुम्ही कोण लागून गेलात? आम्ही रोजचे आहोत!"

"मग वहीत नाव का नाही, आजी?"

"अहो, तिच्यावर 'पाहुण्यांची वही' असं लिहिलंय! पाहुण्याने नाव लिहावं. तुम्ही स्वतःच्या घरात शिरताना सही करता का?"

सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. ते दारात येऊन बूट शोधू लागले. माझ्या चारही खणांत, पायरीवर, पार गटारापर्यंत चपलाच चपला! उकिडवे बसून ते एकेक जोड उचलू लागले. टायरच्या चपला उचलल्या आणि त्यांचा हात थांबला. खाली माझी फळी खोलगट झिजली होती. शेजारचा जोड उचलला, तिथेही तसंच. ज्याची त्याची जागा ठरलेली, आणि वीस वर्षांच्या रेती-धुळीने प्रत्येक जागी लाकूड घासून गेलेलं. साहेबांनी त्या खळग्यांतून हळूच बोट फिरवलं.

"बाई," ते म्हणाले, "एका दिवसाच्या गर्दीने साग झिजत नाही."

तिथेच पायरीवर बसून त्यांनी अहवाल लिहिला. शाखा राहिली! बू रुमी चक्क रडल्या, आणि आजी सगळ्यांना दटावत म्हणाल्या, "चला, रांगेत या! आजपासून घरच्यांनीही नाव लिहायचं." पहिलं वेडंवाकडं नाव त्यांनीच लिहिलं.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत असं एखादं वाचनालय असेल. ते आपलंच आहे म्हणून गप्प बसू नका. तिथे जा, पुस्तक घ्या आणि वहीत नाव लिहा. सागाची फळी झिजायला वीस वर्षं लागतात. नाव लिहायला कितीसा वेळ लागतो?