अंधारात पाहायची दुर्बीण

जागेश्वर हवालदाराचे डोळे मशीननं खाल्ले, हे आंबागडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नसेल ठाऊक तर हवालदार स्वतः सांगायचा, आणि एकदा सांगायला बसला की समोरच्याचा चहा थंडगार झाला तरी उठू देत नसे. सीमेवर चार वर्षं त्याच्याकडे रात्री पाहायची दुर्बीण होती. अख्ख्या पलटणीत तीन, आणि त्यातली एक धान लावणाऱ्याच्या पोराच्या हातात! ही काय लहानसहान गोष्ट झाली? आता सत्त्याऐंशी साल होतं. नोकरी सुटून तीन वर्षं झाली होती, आणि दिवस मावळला की याच माणसाला स्वतःच्या अंगणातली तुळस दिसत नव्हती.

फौजेच्या डॉक्टरनं कागदावर भलतंच लिहिलं होतं. रोग रक्तातला, पिढीजात. नोकरीशी त्याचा संबंध नाही, म्हणून अपंगाचं पेन्शन नाही. तो कागद आठवला की जागेश्वर भडकायचा. "रक्तातला म्हने! चार साल त्या काचेले डोळा लावून मी बसलो, का माह्या बापानं?" कागद त्यानं ट्रंकेच्या तळाशी दाबून टाकला होता आणि वर दिल्लीला अर्जावर अर्ज धाडत होता.

त्या दिवशी विमलला, त्याच्या एकुलत्या एका पोरीला, पाहायला वरठीचे पाहुणे यायचे होते. मुलगा रेल्वे स्टेशनात पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. बायकोनं, कौशल्याबाईनं, सगळं ठरवून ठेवलं होतं: पाहुणे दुपारी येतील, उजेडी जातील, हवालदाराच्या डोळ्यांची गोष्ट निघायचीच नाही. पण यष्टी काय कुणाच्या बापाची? ती वाटेत बंद पडली आणि पाहुणे उगवले दिवेलागणीला. वरून लाइट गेलेली. कौशल्याबाईनं कपाळाला हात लावला आणि कंदील पुसायला घेतला.

मुलाचे वडील भैय्यालाल स्वतः रेल्वेतूनच रिटायर झालेले. माणूस सरळ, पण नजर सिग्नलवाल्याची. जागेश्वरनं पानसुपारीचं तबक पुढं केलं ते पाहुण्याच्या डाव्या बाजूला, भिंतीसमोर. भैय्यालालनं तबक गुपचूप हातात घेतलं, सुपारी तोंडात टाकली आणि विचारलं, "हवालदारसाहेब, सांजचं दिसत नाही का तुम्हाले?"

चुलीजवळ भांडं वाजायचं थांबलं.

"राग नका मानू," भैय्यालाल म्हणाले, "पन आमचं पोट सिग्नलच्या दिव्यावर हाय. पोराचे डोळे साहेब लोक घडीघडी तपासतात. उद्या नातू झाला, त्याले बी रेल्वेतच लावायचं हाय. हे घरान्यातलं तं नाही ना?"

"घरान्यातलं?" जागेश्वर ताठ बसला. "मशीननं खाल्ले माहे डोळे! आइका."

आणि मग तो सुरू झाला. "रात कितीबी काळी असो, चांदण्यांचा उजेड असतेच. आपल्याले दिसत नाही येवढाच. ते मशीन तोच उजेड धरते. समोरच्या भिंगातून तो आत जाते अन् एका तकटीवर पडते. उजेड पडला का त्या तकटीतून विजेचे बारीक बारीक कन उडतात."

"वीज कुठून आली?"

"बॅटरी असते ना! ते बॅटरी त्या कनाइले पुढं ढकलते. पुढं एक काच, तिले लाखो भोकं, केसापेक्षा बारीक. एक कन भोकात घुसला का भिंतीले आपटत आपटत जाते, अन् दर ठोकरीले नवे कन उडवते. एक गेला, हजार निघाले. आपन धानाचा एक दाना टाकतो अन् लोंबी भरून येते, तसं. मंग ते सारे कन जाऊन पडद्यावर आदळतात, अन् पडदा चमकते. पाचशे पावलांवरचा मानूस दिसते. बिडी पेटवली तं मशाल वाटते!"

"अन् काळ्याकुट्ट जागी? बंद कोठीत?"

"मंग कायचं दिसते? दानाच नाही टाकला तं लोंबी कुठून?"

भैय्यालाल हसले. जागेश्वर हसला नाही. "तो पडदा हिरवा असते. हिरव्यातला फरक मानसाच्या डोळ्याले चांगला कळते म्हून. चार साल रातभर त्या हिरव्याकडं पाहून पाहून माह्या डोळ्यातलं अंधाराचं जे होतं, ते जळलं. माह्या आंधी घरात कोनाले नव्हतं, माह्या मागं कोनाले नाही होनार."

खोटं नव्हता बोलत हो तो! आईची शपथ घालून विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. म्हणून तर ते ऐकणाऱ्याला पटायचं. भैय्यालालनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "देशासाठी डोळे दिले तुम्ही, अन् सरकारनं काय देल्लं? घंटा! पोरीले बोलवा. आमाले पसंत हाय." कौशल्याबाईनं डोळे पुसत साखरेची वाटी आणली.

विमल पाया पडायला आली. कंदील जागेश्वरच्या पायाशी होता, आणि त्याच्या उजेडात नाकासमोरचं तेवढं त्याला दिसायचं. तिथं पोरीचा पाय आला. उजवा पाय, जमिनीवरून सरकत, कडेनं चाचपत, मग टेकलेला. ती वाकली आणि तिनं हात लावला तो भैय्यालाल बसले होते त्या खाटेच्या पायाला. तिथंच डोकं टेकवलं.

"अवो बाई, खाटेच्या नको, माह्या पाया पड!" भैय्यालाल म्हणाले, आणि सगळी बैठक खदखदून हसली. "लाजली पोरगी!"

ती चाल जागेश्वरची होती. त्याची, आणि त्याच्या बापाची. देवाजी, त्याचा बाप, दिवस बुडाला की खाटेवर चढायचा तो उजाडेपर्यंत उतरायचा नाही. गाव म्हणायचं, मोहाची चढली म्हाताऱ्याला. जागेश्वरही म्हणायचा. पलटणीत जायच्या आदल्या सांजेला उंबऱ्याला अडखळलेल्या बापाला त्यानं चारचौघांत 'दारुड्या' म्हणून ढकललं होतं. देवाजी भिंत चाचपत आत गेला होता.

पाहुणे शेवटची यष्टी गाठायला घाईघाईनं निघाले. कौशल्याबाई साखर वाटायला शेजारी गेली. घरात बाप आणि लेक उरले.

"किती दिवस झाले?" जागेश्वरनं विचारलं.

विमल म्हणाली, "तीन साल. तुम्ही आले तवापासूनच."

"अन् मले रोज सांजचं हात धरून विहिरीवर कोन नेते?"

"मीच नेते. पावलं मोजून."

सबंध गाव म्हणत होतं, पोरगी बापाची काठी आहे. काठीच आंधळी! बाहेर रस्त्यावरून भैय्यालालचं बोलणं अजून ऐकू येत होतं, कुणाला तरी दुर्बिणीचीच गोष्ट सांगत होते.

"चाल, हात दे," जागेश्वर उठला. "त्याइले गाठतो. त्या मानसानं तोंडावर विचारलं मले, घरान्यातलं हाय का म्हून. त्या कागदात खरं लिहून होतं पोरी. मीच गधा."

त्यानं हात पुढं केला. हात तसाच राहिला.

"विहिरीपर्यंत चाळीस पावलं हायेत बाबा," विमल म्हणाली. "त्याच्या पुढचं मले येत नाही. अन् येत असतं तरी नेलं नसतं तुम्हाले."

"पोरी, हे त्याइले धोका देनं हाय."

"तुम्ही आज सांगितलं ते काय होतं?" तिचा आवाज फाटला. "तुम्हाले सारं गाव फौजी म्हनते, डोळे देशासाठी गेले म्हनते. माहे कायच्यासाठी गेले म्हनतील? आजाले जे म्हनत होते तेच ना कायतरी? लग्नात बी ते मशीनचीच गोष्ट सांगा. तुमच्या तोंडून खरी वाटते."

जागेश्वर उंबऱ्यावर उभा राहिला. समोर नुसता काळोख होता. पाहुण्यांच्या चपला वाजत होत्या, भैय्यालालचा खोकला ओळखू येत होता. फार तर शंभर पावलं गेले असतील. हाक मारायला काही डोळे लागत नाहीत.

यष्टीचा हॉर्न वाजला. पाहुणे चढले, गाडी तुमसरच्या रस्त्याला लागली. जागेश्वरनं हाक मारली नव्हती.