डाव्या हाताचं सूप

ग्राझमध्ये डोळ्यांचे सर्जन प्रोफेसर केर्नबिखलर यांच्याकडे रविवारी जेवायला जाणं म्हणजे मोठा मान, आणि शिक्षासुद्धा. कारण तिथे सूप डाव्या हातानं प्यावं लागे. पेशंटच्या उशाशी उभं राहून उजवा डोळा उजव्या हातानं कापायचा आणि डावा डाव्यानं, हा सरांचा हट्ट; सूप हा त्या डाव्या हाताचा सराव. बधिर करायचं औषध तेव्हा नव्हतंच. सरांचा आवाज हेच औषध. "पायाच्या अंगठ्याकडे बघा," एवढंच ते म्हणत, की डोंगरातले आडदांड लाकूडतोडेही गरीब गायीसारखे पडून राहत. असे हजारो मोतीबिंदू त्यांनी काढले होते.

आणि त्यांचा सहायक कोण, तर डॉक्टर अलोइस ट्रुमर! तीन वर्षं तो दर रविवारी पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर सूप सांडत होता. सरांच्या पत्नी हर्मिनाबाई त्याला विचारत, तुमच्यापुरतं मेणकापड अंथरू का?

मग सरांच्याच डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. सगळ्यांना वाटलं, व्हिएन्नाहून कोणीतरी बडा सर्जन येणार. सर भर जेवणात म्हणाले, ट्रुमर करतील. ट्रुमरचा चमचाच गळून पडला.

जेवणानंतर तो नाही म्हणायला गेला. "सर, माझं अजून सूप सांडतं."

"सगळ्यांचंच सांडतं," सर म्हणाले. "बाकीचे डागावर बशी सरकवतात. तुम्ही हर्मिनाला जाऊन सांगता."

नाही म्हणायला गेलेला ट्रुमर तारीख ठरवून परतला.

ऑपरेशनला सरांनी सगळा वर्ग बोलावला. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांवर शिकवलं, आता माझ्या, म्हणाले. ट्रुमरनं डाव्या हातात सुरी घेतली आणि सरांचंच वाक्य सरांना ऐकवलं. सर अंगठ्याकडे बघू लागले. ट्रुमरनं बुबुळाच्या कडेला काप दिला. मधाच्या रंगाचा मोतीबिंदूचा खडा अलगद बाहेर आला.

इतर सर्जन अशा वेळी पेशंटला बोटं मोजायला लावत आणि टाळ्या घेत. सरांची मात्र सक्त मनाई होती, जखम उघडी ठेवली तर डोळा फुकट जातो म्हणून. पण दोन वर्षं अंधारात असलेल्या त्या डोळ्यात आता उजेड शिरला होता. सर हळूच म्हणाले, "ट्रुमर, बोटं दाखवा ना."

ट्रुमरलाही मनापासून वाटत होतं, दाखवावीत. त्यानं सरांची पापणी मिटवून वर पट्टी ठेवली. "पेशंटनं बोलायचं नसतं, सर."

वर्गात खसखस पिकली. पट्टीखाली सरही हसले.

सहा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. जखम पिकली तर डोळा गेला, आणि तो आपल्या हातानं गेला. ट्रुमरला अन्न गोड लागेना. तरी रोज दुपारी तो डाव्या हातानं सूप पीत राहिला. नवस असावा तसा.

सातव्या दिवशी पडदा जरासा सरकवून त्यानं पट्टी सोडली आणि डोळ्यापुढे जाड भिंग धरलं. सर भिंगाशी झुकले.

"कॉलरवर काय सांडलंय?"

"सूप, सर."

"कुठल्या हातानं?"

"डाव्या."

"मग हर्मिनाला सांगा," सर म्हणाले, "रविवारी पांढराच टेबलक्लॉथ अंथर म्हणावं. मला डाग बघायचेत."