बहात्तरावा अंक आणि चांगदेव आप्पांचा सत्कार

माझ्या बातमीपत्रात खोटी बातमी येत नाही. ही बढाई नाही, तक्रार आहे, कारण त्यापायी निम्मी माणसं मला तुसडा म्हणतात. मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तयार भागाला मायक्रोमीटर लावायचा, मापात बसला तर जॉब पुढं, नाहीतर लाल डब्यात. ‘गरुडमल्ल वार्ता’ या माझ्या व्हॉट्सअ‍ॅप बातमीपत्रालाही हाच नियम आहे. दर रविवारी सकाळी ते निमोण्यातल्या माझ्या घरातून निघतं आणि तीनशे ऐंशी लोकांना जातं. त्यात बरेचसे शिरूर-दौंडचे, काही सणसवाडीत खोल्या घेऊन राहणारे, आणि एक जण दुबईत क्रेन चालवतो.

गरुडमल्ल कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. नव्वदच्या आसपास ही कॉमिक्स निघायची. अंगावर लंगोट, पाठीला पंख, आणि पोटऱ्या अशा की तशा पुन्हा कुणाला काढता आल्या नाहीत. शिरूरच्या एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर महिन्याला एक अंक यायचा. एकाहत्तराव्या अंकाच्या शेवटच्या पानावर गरुडमल्ल एका हातानं कड्याला लटकलाय, पंख जळालेत, दुसऱ्या हातात एक तान्हं मूल आहे, आणि वर उभा असलेला राक्षस त्याच्या बोटांवर पाय ठेवतोय. खाली लिहिलं होतं, ‘पुढे काय झाले? वाचा अंक बहात्तर.’ तो अंक आलाच नाही. प्रकाशन बंद पडलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दोन वर्षं त्या स्टॉलवाल्याला विचारत राहिलो. शेवटी शेवटी तर तो मला लांबून बघूनच मान हलवायचा.

आज मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, दोन मुलींचा बाप आहे, आणि तो माणूस अजून लटकलेला आहे याचा मला त्रास होतो. हसायचं तर हसा. माझी बायको सविता रोज हसते. “त्याचा हात दुखत न्हाई, तुमचाच दुखतोय,” असं तिचं म्हणणं.

बातमीपत्राचा दुसरा भाग व्हिडिओ गेमच्या कन्सोलच्या बातम्यांचा. कुठला नवा कन्सोल येतोय, कुठला जुना गेम नव्यानं निघतोय, कुणाच्या कंट्रोलरची बटणं महिन्यात ढिली पडतात, हे सगळं दौंडचा अनिस लिहितो. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वय तिशीच्या आत, मला मामा म्हणतो, आणि त्याची प्रत्येक बातमी ‘खास सूत्रांकडून समजते’ अशी सुरू होते. मी त्यातल्या निम्म्या लाल डब्यात टाकतो. तो रागावत नाही. त्याच्या याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

श्रावणात त्यानं फोन केला. “मामा, गरुडमल्लचा गेम येतोय. कन्सोलवर. दिवाळीला.”

“सूत्रं कोण?”

“सूत्रं न्हाई, कंपनीचा व्हिडिओच हाय. बघा तुम्ही.”

मी पाहिला, तीन वेळा पाहिला. बातमी खरी होती. पंख झकास, राक्षस झकास, पोटऱ्या मात्र काड्यांसारख्या. तेही मी सोडून दिलं असतं. पण व्हिडिओत पुढं सांगितलं होतं की कड्यावरच्या प्रसंगाचा शेवट खेळणाऱ्यानं निवडायचा. एक बटण दाबलं की गरुडमल्ल वर चढतो, दुसरं दाबलं की खाली पडतो, आणि तिसरं दाबलं की राक्षसाशी दोस्ती करतो.

“मज्जा हाय की मामा,” अनिस म्हणाला. “ज्याला जसा पायजे तसा शेवट.”

“शेवट झालेला असतो, अनिस. तो कुणी निवडत न्हाई. माझ्या लग्नाचा अल्बम बघताना मी नवरी निवडतो का?”

“निवडायला मिळालं तर?” असं त्यानं विचारलं, आणि सविता शेजारीच बसली असल्यामुळं मी फोन ठेवला.

त्या दिवशी मी ठरवलं की दिवाळीच्या आत खरा शेवट शोधून काढायचा. गोष्ट कुणी लिहिली, चित्रं कुणी काढली, काहीच माहीत नव्हतं. अंकावर फक्त प्रकाशनाचा शिक्का असायचा. पण सापडायचं असतं ते असं सापडतं: अनिसनं नव्या कन्सोलचा खोका दुकानाच्या दारात ठेवून फोटो पाठवला, आणि मागं रस्त्यापलीकडं एका तालमीचा जुना फळा दिसला. फळ्यावर एक पैलवान शड्डू ठोकत उभा. मी फोटो मोठा केला आणि त्या पोटऱ्या बघून ताडकन उठून उभा राहिलो.

पुढच्या सुट्टीला मी मोटरसायकलवर न्हावऱ्यावरून दौंड गाठलं. तालमीच्या वस्तादांनी सांगितलं की फळा चांगदेव आप्पांनी रंगवलेला. अनिसला घेऊन आप्पांच्या घरी गेलो. शहात्तर वर्षांचा वाळका माणूस. पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवायचे, फ्लेक्स आला तेव्हापासून घरी. मी पिशवीतून एकाहत्तरावा अंक काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटापालटा केला, शेवटचं पान काढलं आणि म्हणाले, “ह्यो अंगठा जरा चुकलाय.”

“म्हंजी चित्रं तुमचीच?”

“माझीच. एकाहत्तरच्या एकाहत्तर.”

मी पुढं सरकलो. “आन् बहात्तराव्यात काय झालं, आप्पा? वाचला का त्यो?”

त्यांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. “म्हाईत हाय मला. पर असं वसरीत बसून न्हाई सांगायचो. चार लोकांत सांगीन.”

मला ते पटलं. बत्तीस वर्षांची गोष्ट चहाच्या कपावर सांगून टाकणं बरं दिसलं नसतं.

आता चार लोकांत म्हणजे आमच्याकडं सत्कार. सत्कार म्हटला की हॉल आला आणि हॉल म्हटला की हौसराव आबा आले. आबा दूध संस्थेचे संचालक, आणि शिरूरमधलं एक मंगल कार्यालय त्यांच्या मेहुण्याचं. रविवारी दोन ते पाच हॉल आपला, पाचला तिथं एका साखरपुड्याची मंडळी येणार, असं ठरलं. तीन तास रग्गड झाले, असं मला वाटलं. आयुष्यभर मापं घेणारा माणूस मी, आणि नेमका इथं चुकलो.

हॉल आबांचा म्हणून अध्यक्ष आबा. अध्यक्ष आले म्हणून प्रमुख पाहुणे आले. एका गावचे उपसरपंच बोलावले म्हणून दुसऱ्या गावचे बोलवावे लागले. असं करत आप्पा सोडून व्यासपीठावर तेवीस माणसं झाली. फ्लेक्सवर आबांचा फोटो दाराएवढा, गरुडमल्ल त्यांच्या खांद्यामागून डोकावतोय, आणि चांगदेव आप्पा खालच्या कोपऱ्यात पासपोर्ट साइजमध्ये. आमच्याकडं भाषणात एखाद्याचं नाव राहिलं तर तो तीन वर्षं बोलत नाही आणि पुढच्या निवडणुकीत काय ते दाखवतो. म्हणून मी तेवीस नावं पदांसह, मानाच्या क्रमानं कागदावर लिहिली, प्रत्येक वक्त्याला त्याची प्रत दिली आणि बजावलं, “एकबी नाव सुटता कामा न्हाई.”

रविवारी हॉल भरला. टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं प्लास्टिकच्या पिशवीत जुने अंक घेऊन आली होती. कोपऱ्यात अनिसनं टीव्ही लावून कन्सोलवर गेमचा नमुना चालू ठेवला होता, आणि तिथं रांग लागली होती. मी तिकडं पाठ करून उभा राहिलो.

दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, फेटे. आप्पांसकट चोवीस फेटे बांधायलाच पाऊण तास गेला. मग भाषणं. प्रत्येक वक्ता आधी तेवीस नावं घ्यायचा आणि मग गरुडमल्लबद्दल दोन वाक्यं बोलायचा. आबांनी अंक कधी उघडलेला नव्हता, हे ते माइकसमोर उभे राहताच समजलं.

“कैलासवासी गरुडमल्ल पैलवानांनी तालुक्याचं नाव काढलं,” आबा म्हणाले. “त्यांच्या स्मरणार्थ पुढच्या वर्षीपासून कुस्त्यांचं मैदान भरवायचं, असं मी जाहीर करतो.”

हॉलमध्ये गलका झाला. कैलासवासी हा शब्द काही लोकांच्या वर्मी लागला. सणसवाडीचा एक वेल्डर खुर्चीवर उभा राहून ओरडला, “मेला असं कुणी सांगितलं तुम्हाला?” आबांना वाटलं विरोधी पॅनेलची माणसं घुसली. त्यांना शांत करण्यात आणखी वीस मिनिटं गेली.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी चांगदेव आप्पा माइकसमोर आले.  कन्सोलची रांगसुद्धा मोडून लोक पुढं आले. मी बारा वर्षांचा असल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलो होतो.

आप्पांनी फेटा सावरला, चष्मा लावला, खिशातून माझा कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, सन्माननीय हौसराव आबा. मग थांबले, आबांकडं वळले, हात जोडले. आबांनी उठून हात जोडले. टाळ्या झाल्या. मग दुसरं नाव. पुन्हा वळले, पुन्हा हात जोडले, पुन्हा टाळ्या. पाट्या रंगवणारा माणूस. एकेक अक्षर घोटून घोटून वाचत होता. नवव्या नावाला मी घड्याळ पाहिलं. पंधराव्या नावाला मी खुणा करू लागलो. त्यांनी माझ्याकडं पाहून मलाही हात जोडले.

विसाव्या नावाला साखरपुड्याची मंडळी दारात आली. डेकोरेशनवाल्यांनी मागच्या खुर्च्या उचलायला घेतल्या आणि कुणीतरी सनईची टेप लावून पाहिली. मुलीचा मामा माझ्या डोक्याशी येऊन उभा राहिला. “पाव्हणं, आमची येळ झाली.” आप्पांनी तेविसावं नाव वाचलं, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, “एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.”

लोक मला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. एकानं ग्रुप सोडला. वेल्डर म्हणाला की गेममध्ये निदान दहा मिनिटांत काय तो निकाल लागतो. हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

बाहेर आवारात आप्पा अनिसच्या गाडीजवळ उभे होते. अनिस टीव्ही आणायला आत गेला होता. आप्पांच्या डोक्यावर फेटा, अंगावर शाल, काखेत नारळ.

“आप्पा, आता सांगा,” मी म्हणालो. “चार लोक न्हाईत, मी एकलाच हाय. पर सांगा.”

“काय सांगू,” ते म्हणाले. “मला न्हाई म्हाईत.”

मला वाटलं दमलेत. मी पुन्हा विचारलं.

“न्हाई म्हाईत, मच्छिंद्रराव. गोष्ट पोस्टानं यायची, मी चित्रं काढून धाडायचो. एकाहत्तराची आली, बहात्तराची आलीच न्हाई. सहा महिने मी पोस्टमनला इचारत व्हतो. शेवटी त्यो सायकल दुसऱ्या गल्लीनं न्यायला लागला.”

“मंग त्या दिवशी म्हाईत हाय का म्हणालात?”

“न्हाई म्हणालो असतो तर तुम्ही चहा पिऊन गेला असता.”

“आन् नावं इतकी हळू का वाचली?”

“पाच वाजेपर्यंत पुरवायची व्हती. तेवीस पुरत्यात का न्हाई, धाकधूक व्हती मला.”

मला राग आला, साधासुधा नाही. बत्तीस वर्षं वाट पाहिली, दीडशे माणसं गोळा केली, आबांना तोंड दिलं, आणि हा म्हातारा थंडपणे नारळ कुरवाळत उभा. मी म्हणालो, “आप्पा, तुम्ही फसवलं मला.”

“व्हय,” ते म्हणाले. खाली बघत होते. “एकाहत्तर अंक काढले. एकावर बी नाव न्हाई आलं. सून म्हणायची, मामा, उगं कायबी सांगता. आज तिनं सोता माझा शाल घातलेला फोटो काढला. पाव्हण्यारावळ्यात धाडला बी.”

 राग होता तसाच होता, पण त्याला कुठं ठेवावं ते कळेना. पोस्टमनची वाट बघणारा हा माणूस आणि स्टॉलवर खेटे घालणारा मी एकाच वेळी, त्याच तारखांना ताटकळत होतो, आणि एकमेकांना माहीत नव्हतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुळीमुळं नव्हतं.

तरीपण बातमी ती बातमी. मी फोन काढला. “आप्पा, माझ्या बातमीपत्रात खोटं येत न्हाई. रविवारी मला हे लिवावं लागंल. बहात्तरावा अंक न्हाई, शेवट कुणालाच म्हाईत न्हाई.”

“म्हंजी मी लबाड बोललो, ते बी छापणार?”

“ते बी.”

“नावानिशी?”

“नावानिशी.”

मी तिथंच उभ्या उभ्या पहिली ओळ लिहिली आणि लपवाछपवी नको म्हणून फोन त्यांच्यासमोर धरला. ‘गरुडमल्लचे सर्वच्या सर्व एकाहत्तर अंक ज्यांच्या हातून उतरले, ते चित्रकार दौंडचे चांगदेव आप्पा.’ त्यांनी चष्मा लावला. तेवीस नावं वाचली होती त्याहूनही हळू वाचलं.

“आप्पा खोडा,” ते म्हणाले. “चांगदेव केरबा शितोळे, असं पुरं लिवा. मंग खाली लबाडीचं काय लिवायचं ते लिवा.”

मी ‘आप्पा’ खोडलं आणि पूर्ण नाव लिहिलं.